प्रसिद्धिपत्रकाची बातमी होते, बातमीचा संदर्भ होतो

महोदय,

विकिपीडियासारख्या ऑनलाइन विश्वकोशात विक्रीच्या सॉफ्टवेअरविषयी नोंदी लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेल्या तपासण्याचे काम मी हौसेने करतो. अशा नोंदी जाहिरातीसारख्या वाटतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र तिचे खापर एकट्या नोंद लिहिणाऱ्यावर फोडले जाते. या दोषाचा काही वाटा वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांकडेही जातो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

तटस्थ नोंद म्हणजे चार वाक्ये स्तुतीची आणि चार टीकेची, असा एक समज आढळतो. विकिपीडियाचे धोरण तसे सांगत नाही. विश्वासार्ह स्रोतांनी ज्या बाबीला जितके महत्त्व दिले असेल तितकेच नोंदीने द्यावे आणि वादाचे विधान कोणाचे आहे ते स्पष्ट करावे, अशी त्याची अपेक्षा आहे. 'आघाडीचे', 'क्रांतिकारी', 'वापरण्यास अत्यंत सुलभ' ही विशेषणे गाळणे सोपे असते. ती कोणाच्याही डोळ्यांत भरतात. खरी अडचण विशेषण नसलेल्या, वरकरणी कोरड्या वाटणाऱ्या वाक्यांची आहे.

झूम या व्हिडिओ बैठकांच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेता येईल. आपल्या बैठकांना 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन'चे, म्हणजे बैठकीतल्या लोकांखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, मजकूर उलगडता येणार नाही अशा सांकेतिक रूपाचे संरक्षण आहे, असे ही कंपनी सांगत असे. या विधानात कौतुकाचा एकही शब्द नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे नोंदीत उतरवताना कोणाचाही हात अडखळणार नाही. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाने असा आरोप ठेवला की, निदान २०१६ पासून हा दावा दिशाभूल करणारा होता, कारण बैठकांतील मजकूर उलगडू शकतील अशा किल्ल्या कंपनीच्याच हाती होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये या प्रकरणात तडजोड जाहीर झाली. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीची गोष्टही याच जातीची आहे. वापरकर्त्यांचा माग काढणाऱ्यांपासून संरक्षण देण्याचा दावा करणाऱ्या या कंपनीने त्यांच्याच ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचा आरोप त्याच आयोगाने केला आणि २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगण्यात आले. असे दावे नोंदीत वस्तुस्थिती म्हणून लिहिले गेले असतील, तर विश्वकोशानेच ते खरे असल्याची हमी दिल्यासारखे होते. वाक्याआधी 'कंपनीच्या म्हणण्यानुसार' एवढे दोन शब्द घातले, तर बोलणारा कोण हे वाचकाला कळते आणि पुढे दावा फसला तरी नोंद खोटी पडत नाही.

उलट दिशेचा पक्षपातही कमी नसतो. परवान्याच्या अटींवर चिडलेले ग्राहक, प्रतिस्पर्धी उत्पादनाचे चाहते, आणि (हे आम्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ऐकून घ्यावे) विकत घ्यावे लागणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुळातच वाईट मानणारे लोक 'टीका' नावाचा विभाग उघडून त्यात स्वतःच्या कुरबुरी भरत राहतात. अडोबी कंपनीने २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट या फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या संचाच्या नव्या आवृत्त्या कायमस्वरूपी परवान्याने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली, तेव्हा झालेल्या नाराजीची दखल मोठ्या माध्यमांनी घेतली होती, म्हणून तिला नोंदीत जागा आहे. एखाद्याचा संगणक एका अद्ययावतीकरणानंतर बंद पडला, याला नाही.

पैसे घेऊन होणाऱ्या लेखनाचा इतिहास सर्वज्ञात आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये विकिपीडियाने एकमेकांशी संबंधित ३८१ खाती एकाच वेळी रोखली. ज्यांच्या नोंदी नाकारल्या गेल्या होत्या अशा व्यावसायिकांना गाठून, 'पैसे द्या, नोंद प्रकाशित करून देतो' असे सांगणारी ही टोळी होती. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर केलेच पाहिजे, ही अट त्याआधीच, २०१४ मध्ये, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या वापराच्या अटींत आली होती. नियम आहेत, ते मोडणारेही आहेत, आणि त्यांना शोधून काढणारे स्वयंसेवक अपुरे आहेत.

माझा मुख्य मुद्दा मात्र स्रोतांविषयी आहे. कंपनी किंवा तिचे उत्पादन नोंदीस पात्र ठरण्यासाठी त्याविषयी स्वतंत्र स्रोतांत सविस्तर लेखन झालेले असावे लागते. कंपनीचे संकेतस्थळ, प्रसिद्धिपत्रक, भांडवल उभारल्याची बातमी किंवा संस्थापकाची मुलाखत यात धरली जात नाही. आता होते असे की, कंपनी प्रसिद्धिपत्रक काढते, ते 'प्रतिनिधी' किंवा 'टेक डेस्क' या नावाखाली किरकोळ फेरफारांसह छापले जाते, आणि कंपनीचा माणूस तेच कात्रण स्वतंत्र संदर्भ म्हणून नोंदीच्या तळाशी जोडतो. तेच परिच्छेद तीन ठिकाणी शब्दशः सापडले तर लबाडी लक्षात येते. एखाद्या उपसंपादकाने वाक्ये बदलण्याची मेहनत घेतली असेल तर तीही सोय उरत नाही. पुढच्या वर्षी दुसरा वार्ताहर पार्श्वभूमीसाठी तीच नोंद उघडतो आणि कंपनीचा मूळ दावा पुन्हा छापून येतो, या वेळी कंपनीचे नावही न घेता.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रसिद्धिपत्रकावरून केलेल्या मजकुराखाली तसा उल्लेख असावा. प्रायोजित मजकूर छापील पानावर जसा चौकटीने वेगळा दिसतो, तसाच तो संकेतस्थळावरील त्याच्या कायमच्या पानावरही दिसावा, कारण संदर्भ म्हणून दुवा त्याच पानाचा दिला जातो. सॉफ्टवेअरचे परीक्षण छापताना कोणती आवृत्ती, कोणत्या संगणकावर आणि किती काळ वापरली, तसेच परवाना विकत घेतला की कंपनीने दिला, हे लिहावे. किंमत दिली तर ती कोणत्या तारखेची, हेही लिहावे, कारण वर्गणीच्या व्यवहारात ती वरचेवर बदलते. मराठीत अशी परीक्षणे आज इतकी थोडी आहेत की, मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्याला जवळपास प्रत्येक संदर्भ इंग्रजी माध्यमांतून घ्यावा लागतो. आपल्या पुरवणीत महिन्याला एक जरी नीट केलेले परीक्षण आले, तरी ते थेट वापरता येईल.

आपला,
एक वाचक आणि विकिपीडियावरील स्वयंसेवक