लाइम किल्नच्या खडकावर भेटलेल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. गेल्या जुलैत अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटावर, लाइम किल्नच्या दीपगृहाजवळ आमचं मराठी ऐकून तुम्ही वळलात. मी किलर व्हेल, म्हणजे ऑर्का, बघायला बोटीची तिकिटं शोधत होते. तुम्ही म्हणालात, "कशाला? इथेच बसा. हॅरो सामुद्रधुनी इथे काठालगतच खोल आहे, ते अगदी खडकाशी येतात. शिवाय बोटींच्या आवाजात त्यांना मासा शोधणं कठीण जातं."

आणि मग तुम्ही बाबांना विचारलंत, "तुम्ही हर्णैचे, म्हणजे मासेमारी?"

काकू, सिअॅटलला आल्यापासून दोन महिने बाबा जेवढ्यास तेवढं बोलत होते. त्या एका प्रश्नावर ते जाळ्यांबद्दल, वाऱ्याबद्दल, बंदरावरच्या लिलावाबद्दल तासभर बोलले. तुम्ही मन लावून ऐकलंत. त्याचे आभार कसे मानू?

दुपारी केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, पट्ट्यापलीकडे 'फुस्स' झालं. पाठीवरचे चार काळे पंख, त्यातला एक माणसाएवढा उंच. पाण्याखालच्या मायक्रोफोनवर मात्र काहीच ऐकू येईना. तुम्ही पंख बघूनच सांगितलंत, हे सील खाणारे. सीलला चाहूल लागू नये म्हणून शिकारीला गुपचूप निघतात. मासे खाणारे वेगळे. पाणी एकच, पण दोघांत सोयरीक नाही, आणि बोलीही निराळी. हे मला ठाऊकच नव्हतं. ऑर्का आर्क्टिक समुद्रापासून अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत सगळीकडे असतात एवढंच मी वाचलेलं.

"मग ते मासेखाऊ कुठे गेले?" बाबांनी विचारलं. तुम्ही सांगितलंत, त्यांचे जे, के आणि एल असे तीन कळप, सगळे मिळून पंचाहत्तरच्या आसपास. मुख्यतः चिनूक नावाच्या सॅल्मन माशावर जगतात. कॅनडातल्या फ्रेझर नदीत चढायला चिनूक इथून जातो तेव्हा तेही येतात. हिवाळ्यात मासा शोधत पार कॅलिफोर्नियापर्यंत उतरतात. चिनूक कमी झाला, तसं त्यांचं इथे येणंही. २०१८ साली मेलेलं पिल्लू १७ दिवस वाहून नेणारी ती आई याच कळपांतली, हे सांगताना तुमचा आवाज बसला होता.

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हावरं नसेल तिथे होडी तरी कोण घालतो?"

नकाशावर निळ्या रंगात दाखवलेलं ते त्यांचं घर, असं मी समजत होते. माशाची वाट हेच त्यांचं घर, हे मला त्या खडकावर तुम्हा दोघांच्या बोलण्यातून कळलं.

निघताना तुम्ही तुमची जुनी दुर्बीण बाबांच्या गळ्यात घातलीत. ती आता हर्णैला खुंटीवर असते. दर रविवारी फोन आला की नातवाच्या आधी ते विचारतात, "फ्रेझरला मासा लागला का गं?"

तुमची,
हर्णैची लेक