मंदे, पिंकीच्या त्या फॉर्मबद्दल

भायखळा, मुंबई

प्रिय मंदे,

सलाम.

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले, पहिला लोकलमध्ये लावला आणि तू मध्येच रडायला लागलीस तेव्हा बंद केला, बाकीचे घरी येऊन ऐकले. तुझ्या लेकीने, पिंकीने, मालाडच्या त्या फेलोशिपमध्ये, म्हणजे तिच्या नव्या चर्चमध्ये, सही केलेल्या फॉर्मचा फोटो पण झूम करून करून वाचला. हा काही दोन ओळीत रिप्लाय द्यायचा विषय नाही म्हणून सविस्तर लिहितेय, भाऊजींना पण वाचून दाखव, पण एवढं कर की हे पिंकीला फॉरवर्ड करू नकोस, का ते पुढे सांगते.

आधी एक डोक्यातून काढ, की तिचं चर्च कडक आहे म्हणून ते वाईट आहे. तू म्हणालीस की तिला सिनेमा सोडायला लावला, बुधवारी उपास असतो, पहाटे पाचला झूमवर प्रार्थना असते, म्हणजे काहीतरी भयंकर आहे. अगं आपल्या आज्या काय कमी कडक होत्या का? माझी आजी रविवारी सुईत दोरा ओवू द्यायची नाही, पत्ते घरात दिसले की चुलीत, आणि सिनेमा म्हणजे तर थेट नरकच. पण त्याच काळात माझ्या आजोबांनी भर मीटिंगमध्ये उठून पाळकसाहेबांना कापणीच्या सणाच्या अर्पणाचा हिशोब विचारला होता, मोठा वाद झाला, दोघं कितीतरी दिवस एकमेकांशी नीट बोलत नव्हते. आणि आजोबा गेले तेव्हा त्यांना माती द्यायला तेच पाळकसाहेब उभे होते आणि रडले पण. मला या सगळ्यात एवढंच बघावंसं वाटतं, की तिथे कुणी नाही म्हणालं, प्रश्न विचारला किंवा सोडून गेलं तर त्याचं पुढे काय होतं. उपास कितीही करू देत. आणि गाणी, भाषण, एसी हॉल हे बघून तर काहीच कळत नाही, ते सगळीकडे छानच असतं.

आता तो फॉर्म. देवावर विश्वास, पवित्र जीवन, वेळ देणं, इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नाही, असं आपण पण बाप्तिस्म्याच्या वेळी बोलतोच. पण त्याच्या खाली काय आहे बघ. घर बदलताना, नोकरी बदलताना, लग्न ठरवताना लीडरशिपचा सल्ला घेईन. दुसऱ्या कुठल्या सभेला परवानगीशिवाय जाणार नाही. लीडर्सबद्दल नकारात्मक बोलणार नाही आणि कुणी बोललं तर ते वर कळवीन. मंदे, हे शेवटचं वाचून मला खरं सांगू तर घाम फुटला. बाकीची कलमं तिला बांधतात, हे कलम तिला दुसऱ्यांवर पाळत ठेवायला लावतं. म्हणजे तिला कधी शंका आली तर ती शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगू शकणार नाही, कारण त्या मैत्रिणीने पण तीच सही केलेली आहे. म्हणून म्हटलं पत्र फॉरवर्ड करू नकोस, तिला ते वर दाखवणं भाग पडेल आणि मग आपण दोघी तिच्या आयुष्यातले 'जगिक प्रभाव' ठरू.

हे मी हवेत नाही बोलत. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा वसई-विरारच्या बाजूला अशाच एका स्वतंत्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं होते, नाव लिहीत नाही. भाऊजी बँकेतले, सरळ माणूस. तिथे जागा घेण्यासाठी बिल्डिंग फंड चालू झाला, लोकांनी मंगळसूत्रं मोडून पैसे दिले गं, आणि स्क्रीनवर जो क्यूआर कोड दाखवायचे तो स्कॅन केला की नाव यायचं पास्टरांच्या बायकोचं. भाऊजींनी फक्त एवढं विचारलं की पावती कुठल्या नावाने मिळेल, ट्रस्टचं खातं नाही का. ते पण चारचौघात नाही, केबिनमध्ये जाऊन. पुढच्याच रविवारी कोरहाचा संदेश, की मोशेविरुद्ध कुरकुर करणाऱ्याला जमिनीने गिळलं. नाव घेतलं नाही पण सगळा हॉल मान वळवून बघत होता म्हणे. मग वर्शिप टीममधून मुलाला 'थोडा ब्रेक' दिला, मग त्यांच्या घरी भरणारा सेल ग्रुप, म्हणजे छोटी प्रार्थनासभा, दुसऱ्याच्या घरी हलवला, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून रिमूव्ह. भाऊजींमध्ये बंडखोर आत्मा आहे आणि बहिणीमध्ये ईजबेलचा, म्हणजे बायबलमधल्या त्या दुष्ट राणीचा, असं ठरलं. मुलीचं तिथल्याच एका मुलाशी ठरत आलेलं होतं, ते पण मोडलं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त रोज फोन करणारी माणसं एका आठवड्यात गप्प झाली आणि बाजारात समोर आली की रस्ता क्रॉस करायला लागली. आणि हिशोब काही शेवटपर्यंत मिळाला नाही तो नाहीच.

तू विचारशील की मग शिकली सवरलेली माणसं राहतात कशाला. हे कळल्याशिवाय तुला पिंकी कळणार नाही. मुंबईत एकटी मुलगी मालाडच्या पीजीत राहते, रूममेट नाईट शिफ्टवाली, ऑफिसात सगळे आपापल्या हेडफोनमध्ये. तिला डेंग्यू झाला तेव्हा तू नगरहून निघून पोचेपर्यंत रात्र झाली होती, आणि तिच्याजवळ कोण होतं आठव, ह्याच फेलोशिपच्या दोन मुली, पेज घेऊन. आमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये ती पूर्वी दोन-तीनदा आली होती तर कुणी नाव सुद्धा विचारलं नाही, सर्व्हिस संपली की सगळे आपल्या ओळखीच्यांशी बोलत बाहेर. तेव्हा ती मूर्ख म्हणून तिथे गेली असं म्हणूच नकोस. ती माणसं खरंच प्रेमळ आहेत, बहुतेक सगळी, आणि सही तिने त्या प्रेमापोटी केली आहे. पंचाईत ही की उपकार दहा जणांनी केले आणि त्याची निष्ठा गोळा करतो एक माणूस.

लोक अशा वेळी लगेच जोन्सटाऊन काढतात. 1978, गयाना, जिम जोन्सच्या पंथातली 900 च्या वर माणसं गेली. मला ते उदाहरण कामाचं वाटत नाही, कारण ते ऐकलं की पिंकी सहज म्हणेल आमचे पास्टर असे नाहीत, आणि ते खरंच असेल. त्यापेक्षा कमी माहीत असलेली एक गोष्ट सांगते. 1970 च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे पाच नावाजलेले प्रचारक एकत्र आले, बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर. हेतू चांगला होता, नवे विश्वासणारे भरकटतात तर प्रत्येकाला एक मेंढपाळ असावा, तो त्याला वाढवेल. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर आणखी वरचा. बघता बघता लोक कुणाशी लग्न करायचं, घर कुठे घ्यायचं, हे त्या मेंढपाळाला विचारून करायला लागले. 1975 मध्येच टीव्हीवरचे प्रचारक पॅट रॉबर्टसन उघड विरोधात गेले, पुढे प्रिन्स स्वतः बाजूला झाले, 1986 पर्यंत ते सगळं विस्कटलं आणि नंतर ममफर्डनी जाहीर माफी मागितली की यात लोकांना दुखापत झाली. त्यांनी माफी मागितली पण 'कव्हरिंग'चं खूळ जगभर फिरतच राहिलं, की तुझ्यावर कुणाचं तरी आध्यात्मिक छत्र पाहिजे आणि ते सोडलंस की सैतान मोकळा. पिंकी तुला फोनवर हेच म्हणाली ना, की मी कव्हरिंगच्या बाहेर जाऊ शकत नाही?

आणि बायबलची वचनं. हे लोक वचनं देऊनच गप्प करतात, आणि आपण घाबरतो कारण वचनाला नाही कसं म्हणायचं. 'माझ्या अभिषिक्तांना स्पर्श करू नका' हे स्तोत्र 105 मधलं, तिथे विषय आहे परक्या राजांनी अब्राहाम, इसहाक, याकोब यांना त्रास देऊ नये हा, पास्टरला प्रश्न विचारायचा नाही हा नाही. दाविदाने अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही हे खरं, पण गुहेबाहेर उभं राहून सगळ्या सैन्यासमोर त्याला जाब विचारलाच की. आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा, तरी त्याने पाप केलं तेव्हा नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच आहेस. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं. इब्री 13:17 हे तर प्रत्येकाला पाठ असतं, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, पण त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की त्यांना हिशोब द्यायचाय. मी ऑडिटवाली बाई, माझी नजर तिथेच जाणार! आणि योहानाचं तिसरं पत्र काढून बघ, एवढंसं आहे, त्यात तो दियत्रफेस, ज्याला मंडळीत पहिला नंबर हवा असतो, पाहुण्यांना घेत नाही आणि जे घेतात त्यांना पण मंडळीबाहेर काढतो. म्हणजे पहिल्या शतकातच ही कीड होती, आपल्या मालाडला नव्याने लागलेली नाही.

मला तर या बाबतीत आपल्या पंडिता रमाबाईच आठवतात. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी आसरा दिलेला, पैशाने त्यांच्यावर अवलंबून, पदरात लहान लेक मनोरमा. आणि लाहोर, मुंबईचे बिशप म्हणायला लागले की या बाईने पुरुषांना शिकवू नये. रमाबाईंनी त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिनला 1885 मध्ये लिहून कळवलं की मी मोठ्या कष्टाने आमच्या इकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटलेय, आता पाद्री जे जे सांगतील ते देवाचीच आज्ञा मानून तसलंच दुसरं जोखड घेणार नाही. विचार कर, परका देश, कुणी नातेवाईक नाही, आणि उपकार करणाऱ्यांनाच हे लिहायचं! पण बघ, तिने ख्रिस्त सोडला नाही आणि सिस्टर्सनीही तिला रस्त्यावर काढलं नाही, पत्रव्यवहार चालू राहिला, चांगलं कडाक्याचं भांडण झालं तरी. पुढे 1889 ला येऊन तिने इथेच चौपाटीला विधवांसाठी शारदा सदन काढलं. पिंकीला मी काही सांगणार असेन तर हे सांगेन. 'तुझे पास्टर ढोंगी' हे मी बोलणार नाही, मला माहीत पण नाही.

तुझ्याकडच्या भाऊजींनी पोलिस कम्प्लेंटचं विचारलं होतं. घाई नको. बहिष्काराचा प्रश्न कायद्यात जुना आहे, मुंबई राज्याने 1949 मध्येच बहिष्कार बंदीचा कायदा केला होता, दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि 1962 ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, की समाजातून काढणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे. तो निकाल बरोबर होता का हे 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या बेंचकडे गेलंय. मधल्या काळात जातपंचायतींच्या छळामुळे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा वेगळा कायदा केला, 2017 पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पिंकीवर आज कुणी बहिष्कार टाकलेला नाही, ती सज्ञान आहे आणि स्वतःच्या मर्जीने जाते. पोलिस नेलेस तर रविवारी तिथे 'छळ सुरू झाला' म्हणून साक्ष होईल आणि आजकाल चर्चच्या नावाने पोलिसात गेलं की बाहेरचे लोक त्यात कसे उतरतात ते तुला सांगायला नको. त्यात भरडली जातील ती तुझ्यामाझ्यासारखीच माणसं.

पैशाचं मात्र मी बघू शकते. रजिस्टर्ड पब्लिक ट्रस्ट असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात त्याची नोंद असते, ट्रस्टी कोण ते दिसतं, दर वर्षी ऑडिट करून हिशोब दाखल करावा लागतो. आमच्या सरांकडे ट्रस्टची कामं असतात म्हणून मला तिकडे रोज जायचं असतंच असं समज. सगळे ट्रस्टी एकाच घरातले निघाले तर तेवढ्याने कुणी चोर ठरत नाही, पण मग त्या माणसाला नाही म्हणणारं टेबलावर कुणीच बसलेलं नाही हे कळतं. पिंकीला फक्त एवढं विचारायला सांग, की मी पगाराचा दशांश देते तर ट्रस्टच्या नावाने पावती मिळेल का, माझ्या हिशोबासाठी हवीय. हा अगदी साधा प्रश्न आहे, कुठल्याही ऑफिसातली मुलगी विचारेल. पावती हसत मिळाली तर चांगलंच, आपली अर्धी काळजी गेली. प्रश्नाने चेहरे बदलले तर तिचं तिलाच दिसेल, आणि तिने स्वतः बघितलेलं तुझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त टिकेल.

तू काय करायचं, तर तिला नगरला ओढून नेऊ नकोस. 'आम्ही की ते' असं तर चुकूनही म्हणू नकोस, कारण ते लोक तिला हेच आधी सांगून ठेवतात की घरचे असं म्हणतील. माझ्या बहिणीच्या बाबतीत काय झालं की त्यांनी सगळी नाती त्या मंडळीपायी आधीच तोडलेली, सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले नव्हते 'मूर्तिपूजक सोहळा' म्हणून, मग बाहेर पडल्यावर जायला दारच नव्हतं. बाहेर पडण्यापेक्षा ते एकटेपण त्यांना जास्त लागलं. तेव्हा फोन चालू ठेव, प्रवचन न देता, भाजी काय केलीस असले फोन. लग्नाचा विषय लीडरशिपकडून आला तर मात्र मला त्याच दिवशी कळव, तिथे मी थांबणार नाही, स्वतः जाऊन त्यांच्या केबिनमध्ये बसेन.

आणि तिला म्हणावं शैलामावशीकडे शनिवारी ये, रविवारी तिला ते सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत. जेवायला बोंबील करते. चर्चचं मी काढणार नाही, तिने काढलं तर ऐकेन. तिची ती फॉर्मची मूळ कॉपी तिच्याकडे आहे का की त्यांनी ठेवून घेतली, तेवढं मात्र तू सहज विचारून ठेव.

भाऊजींना सलाम, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलंच नाहीस.

तुझीच,
शैला