नाव पटावर, मूल नर्सरीत

मा. महिला व बालविकास मंत्री,
गुजरात राज्य

स. न. वि. वि.

पादरा, डभोई, सावलीसारख्या गावांत अंगणवाडीचा पट भरलेला दिसतो. अकरा वाजता खोलीत डोकावलं की मुलं मोजकीच. बाकीची व्हॅनने खासगी नर्सरीत गेलेली, पटावर नाव आहारापुरतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेच्या (आयसीडीएस) देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातलं छोटाउदेपूर होतं, म्हणजे अंगणवाडी इथे काही नवी नाही. पालकांना इंग्रजीची हौस आहे, असं म्हणून मोकळं होऊ नये. त्यांनीही आत डोकावलेलं असतं.

खेळाचा संच बहुधा पत्र्याच्या कपाटात, कुलपात. ठोकळा हरवला तर डेडस्टॉक रजिस्टरचं, म्हणजे सामानाच्या नोंदवहीचं, उत्तर कार्यकर ताईने (अंगणवाडी सेविकेने) द्यायचं, मग ती कशाला काढेल? रोज हाताळले तर ठोकळे तुटणार, हरवणारच. वर्षाला दहावा हिस्सा तूट विनाचौकशी मंजूर करा, कपाटं उघडतील. खडू बोटाएवढे जाड द्या. बारीक पेन्सिल तीन वर्षांच्या मुठीत नीट बसत नाही, मग हात धरून अक्षर गिरवून घेतलं जातं. त्या वयात माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हीच लेखनाची तयारी.

केंद्राच्या ‘पोषण भी पढाई भी’ उपक्रमात अंगणवाडीतल्या बालशिक्षणाला रोज किमान दोन तास ठरले आहेत. ते पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, फोटो, बालशक्ती या घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, वजनं आणि वर मतदारयादीचं काम यांत जातात. सकाळी दहा ते बारा या वेळेत फोन, बैठक, वाटप बंद, असा लेखी आदेश काढा. त्यातला निदान एक तास तेडागर बहेन (मदतनीस) चुलीपाशी नव्हे, मुलांत हवी. तीन आणि पाच वर्षांची मुलं एकत्र असली की एकट्या ताईला दोन गट जमत नाहीत. धाकटी रडतात, थोरली कंटाळतात आणि सगळ्यांना पाटी देऊन गप्प बसवलं जातं.

वयाचा घोळ वेगळाच. १ जूनला पाच पूर्ण तर बालवाटिका (पहिलीआधीचा वर्ग), सहा पूर्ण तरच पहिली, हे २०२३-२४पासून लागू आहे. पाचवा वाढदिवस २ जूनला असेल तर मूल आणखी वर्षभर अंगणवाडीतच. फी भरून नर्सरीत आधी घातलं तरी पहिली लवकर मिळत नाही, हे पालकांना कोणी सांगत नाही. मार्चमध्येच प्रत्येक घरी मुलाची जन्मतारीख आणि पुढचा वर्ग लिहिलेली चिठ्ठी द्या.

आणि तपासणीला येणाऱ्या मुख्य सेविकेने (पर्यवेक्षिकेने) रजिस्टर नंतर मागावं. आधी अर्धा तास मागे बसून मुलांच्या हातात काय आहे ते लिहून घ्यावं.

आपले,
बालशिक्षणात काम करणारे काही मराठी भाषक, वडोदरा