गोधडी पुरी करून देणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

शि. सा. न. वि. वि.

आईच्या लुगड्यांची, भिंतीवर लावायची गोधडी पुरी झाली. येणारा-जाणारा माझं कौतुक करतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या वाट्याचं आहे. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय.

ठिगळं जोडून धावदोरा घालून झाला होता. वरून थोडं भरतकाम, आरसे, मणी, एवढंच उरलंय असं मी धरून चालले होते. तुम्ही आधी गोधडी उलटी केलीत, पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "टाका खालपर्यंत गेला पाहिजे, बाई. आरशानंसुद्धा गोधडी धरून ठेवायची असते."

मग एकेक आरसा तुम्ही माझ्याकडून बसवून घेतलात. आधी उभ्या-आडव्या दोऱ्यांची चौकट, तिन्ही थरांतून सुई आरपार. मग त्या चौकटीत दोरा अडकवत भोवतीनं काजटाका. दोरा बसू द्यायचा, आवळायचा नाही, नाहीतर लुगड्याच्या मऊ कापडाला चुण्या पडतात. कवड्या पाठ घासलेल्याच घ्यायच्या, म्हणजे त्या सपाट बसतात आणि दोरा ओवता येतो. त्या सगळ्या खालच्या काठाला लावायला सांगितल्यात, वजनानं गोधडी सरळ पडावी म्हणून. प्रत्येक कवडीला स्वतःची गाठ. एक तुटली तरी शेजारची जागची हलत नाही. मधल्या पिवळ्या चौकोनावर मला टिकल्या हव्या होत्या. तुम्ही तो मोकळा ठेवायला लावलात, आणि आज नजर पहिली तिथंच जाते.

कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये हंपीत जी-20 च्या निमित्तानं ते जगासमोर मांडलं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुमच्या फेटियावरचं, म्हणजे घागऱ्यावरचं, आणि कांचळीवरचं, म्हणजे चोळीवरचं, काम त्याच तोलाचं आहे. यवतमाळ-वाशीमच्या बंजारा तांड्यांवर असे हात अजून आहेत, त्यांचंही नाव व्हायला हवं. कुणी सजावटीसाठी जुने फेटिये कापून तुकडे विकायला ठेवतं तेव्हा जीव तुटतो.

तुम्ही शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा एवढं तरी करू द्या: गोधडीच्या पाठीवर माझ्या नावाआधी तुमचं नाव साखळी टाक्यानं भरलंय. शिवाय दोघीजणींना अशीच गोधडी करून हवी आहे. त्यांना मी तुमच्याकडेच पाठवतेय. मजुरी तुम्ही सांगाल ती, घासाघीस करायची नाही, असं आधीच बजावलंय.

तुमची,
गोधडीवाली मुलगी