चावदिसाच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या, पहाटे स्टँडवर भेटलेल्या कंट्रोलर काकांना

आदरणीय कंट्रोलर काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात नाही. तुम्हीच मला बजावलं होतंत, "माझा नाव खंय घालू नको गे बाय, मी ड्युटीवर होतंय." सिंधुदुर्गातल्या कुठल्या आगारात तुम्ही वाहतूक नियंत्रक आहात, तेही लिहीत नाही. पण तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी त्या पहाटेचे तुमचे तेलाने माखलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आभार तोंडावर मानायला गेले तर तुम्ही विषय बदलून गाडीचा फलाट सांगायला लागता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. या वैशाखात ते गेले. अण्णांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत आमच्या घरची दिवाळी पंचांगाने ठरलीच नाही. लोक सणाला गावी जातात म्हणजे त्यांना नेणारा माणूस स्वतःच्या घरी नसतो, हे आम्हा भावंडांना शाळेत जाण्याआधी कळलं होतं. जादा गाड्या सुटायच्या, भाऊबिजेला तर उभं राहायला जागा नसायची, आणि अण्णा तिकिटांचा ट्रे काखेत धरून, पंचने टकटक करत त्या गर्दीतून पुढून मागे नि मागून पुढे. ते घरी येत तेव्हा रांगोळी पुसट झालेली असायची. मग आई पुन्हा पाणी तापवायची, नारळाच्या रसात उटणं कालवायची, अण्णांना पाटावर बसवून त्यांच्या पाठीला तेल चोळायची. कधी पाडव्याला, कधी भाऊबीज उलटल्यावर. आमच्यासाठी तोच चावदिस. अण्णांनी याबद्दल कुरकुर केलेली मला आठवत नाही. "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" हे गाडीवरचं वाक्य त्यांच्यासाठी नुसतं रंगवलेलं नव्हतं.

त्यांच्या तोंडून एक गोष्ट मात्र दर दिवाळीला ऐकायला मिळायची. एका वर्षी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री त्यांची मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी गाडी गावात न्यायची, रात्री तिथेच निजायचं, पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून घेऊन निघायचं. अण्णा आणि ड्रायव्हर गाडीतच झोपले होते. काळोखात कोणीतरी पत्र्यावर थाप मारली. शेजारच्या घरातली म्हातारी कंदील घेऊन उभी. म्हणाली, कंडक्टर, पाणी तापलंय, दोघे आंघोळ करून घ्या. त्या घरात दोघांनी कारीट, ते छोटं कडू फळ, पायाखाली फोडलं, गोडे पोहे, दह्यातले पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली आणि गाडी वेळेवर काढली. म्हातारीने त्यांची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. अण्णा म्हणायचे, त्या पाण्याचं देणं माझ्यावर राहिलंय. ते फेडायला कुठे जायचं ते त्यांना कधी कळलं नाही. ते घर पुढे बंद पडलं, माणसं मुंबईला गेली.

अण्णांच्या मागे पहिली दिवाळी आली तेव्हा मी ठरवलं की हे देणं आपण फेडायचं. दिवाळीच्या पहाटे स्टँडवर जे ड्रायव्हर-कंडक्टर असतील, त्यांना ऊन पाणी, तेल, उटणं आणि पोहे. बस एवढंच.

आता थोडं कडू लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या संस्थेकडे मी मदत मागायला गेले. मला पैसे नको होते, मोठी भांडी आणि दोन-चार हात हवे होते. तिथले पदाधिकारी म्हणाले, ड्रायव्हर-कंडक्टरना कशाला, ते पगार घेतात, वृद्धाश्रमात चला, तिथे फोटो चांगले येतात. वृद्धाश्रमाबद्दल माझ्या मनात काही नाही. पण दिवाळीत तिथे फराळाचे डबे रचून ठेवायला जागा नसते आणि पौष-माघात कोणी फिरकत नाही, हे ज्यांना माहीत असायला हवं तेच हे बोलत होते. दुसरे एक गृहस्थ लगेच तयार झाले. त्यांनी बॅनरचा नमुनाही पाठवला. त्यावर त्यांचा फोटो मोठा, अण्णांचा कोपऱ्यात, आणि कार्यक्रमाची वेळ सकाळी दहाची. सकाळी दहाला अभ्यंगस्नान! पहाटेच्या गाड्या तोवर दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेल्या असतात. मी नको म्हटलं तर ते दुखावले. नातेवाईकांनी वेगळंच सुरू केलं. वर्ष झालं नाही, घरात पणती लावायची नाही, आणि ही कसली दिवाळी मांडतेय? आईच्या देखत बोलले. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून मी तुमच्या केबिनच्या खिडकीशी आले. समोर वेळापत्रक, बाजूला माईक, बाहेर मुंबईच्या गाडीची चौकशी करणारी रांग. मी घाईघाईत सगळं सांगितलं. तुम्ही रजिस्टरमधून मान वर न काढता ऐकलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "गे बाय, पाणी कितक्या वाजता तापवतलंस? पयली गाडी पाचाच्या आधी सुटता."

बॅनरबद्दल नाही, पाहुणे कोण त्याबद्दल नाही, संस्थेचं नाव काय तेही नाही. पाण्याबद्दल विचारलंत. मला तिथेच रडू आलं असतं. सुतकाचं मी चाचरत सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमच्याकडे यंदा नाय. आमच्याकडे आसा मा दिवाळी? मगे आमच्याकडे ये." नातेवाईकांना मी ज्याचं उत्तर देऊ शकले नव्हते, ते तुम्ही एका दमात दिलंत.

पुढची तयारी काय आणि कशी झाली ते लिहीत बसत नाही. परवानगी, भांडी, लाकडं, सगळं तुम्ही पुढे होऊन मार्गी लावलंत. मला लिहायचं आहे ते त्या तरण्या ड्रायव्हरबद्दल.

चावदिसाची पहाट, २० ऑक्टोबर. बाहेर रस्त्यावर नरकासुराची मिरवणूक अजून चालूच होती, ढोलांचा आवाज आगारापर्यंत येत होता. विश्रांतीगृहाच्या मागे चुलीवर हंडे उकळत होते. माझा भाऊ लाकडं सारत होता, मी वाट्यांत उटणं काढत होते. आई आली होती, पण पुढे यायला तयार नव्हती. तुमच्या केबिनमधल्या बाकावर पदर घट्ट धरून बसली होती. एकेक जण पंचा गुंडाळून येत होता, हसत होता, लाजत होता, बादली उचलून जात होता. आलेल्या एका महिला वाहकाच्या हातांना मी उटणं लावलं, तिला ओवाळलं. तिने तिच्या लेकराचा फोटो दाखवला आणि पळत फलाटावर गेली.

आणि तो मराठवाड्याकडचा पोरगा. नोकरीला लागून फार दिवस झालेले नसावेत. कोपऱ्यात उभा राहून स्वतःच मानेला तेल लावत होता. मी वाटी पुढे केली तर म्हणाला, "राहू द्या ताई, माझं मी लावतो." पण स्वतःच्या पाठीला स्वतःला तेल लावता येत नाही, काका. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. पाणी, तेल, उटणं, पोहे, सगळं मी नेलं होतं, पण दिवाळीच्या आंघोळीत पाठीवरून फिरणारा घरच्या माणसाचा हात असतो, तो कुठल्या भांड्यात भरून नेणार? आणि मी परकी बाई, ती पाठ कशी चोळणार?

तुम्ही केबिनमधून बाहेर आलात. घड्याळ काढून खिशात टाकलंत. इस्त्रीच्या खाकी शर्टाच्या बाह्या कोपरावर सारल्यात, तेलाची वाटी उचललीत आणि त्याला म्हणालात, "आईक सांगतलंस काय, दिवाळीक तेल लागूक नाय म्हणान? फिर. पाठ हय कर."

त्याला तुमची भाषा किती कळली कोण जाणे. पण तो फिरला आणि खाली बसला. आणि तुम्ही, ज्यांच्या एका शब्दावर सगळ्या स्टँडवरच्या गाड्या लागतात नि सुटतात, त्या ओल्या फरशीवर त्याच्या मागे उकिडवे बसून त्याची पाठ चोळलीत. खांद्यांपासून कमरेपर्यंत, नीट, घाई न करता. ड्रायव्हरची पाठ कुठे धरते हे माहीत असलेल्या माणसासारखी. चोळता चोळता त्याला गावाकडची हकीकत विचारलीत, बहिणी किती, भाऊबिजेला रजा मिळाली का. रजा नव्हती. त्याने मान खाली घातली. तुम्ही त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्यात आणि उटणं मागितलंत.

तुमच्या हातात उटण्याची वाटी मी नाही दिली. मी वळले तर आई उभी होती. ती कधी केबिनमधून उठून आली ते मला कळलं नाही. तिने वाटी तुमच्या हातात दिली, मग हंड्यातलं पाणी तपेल्याने काढून बादलीत ओतलं, बोट बुडवून पाहिलं, थोडं गार घातलं. अण्णांसाठी ती असंच करायची. वैशाखापासून ती स्वतःहून कशाला हात लावत नव्हती, काका. त्यानंतर शेवटच्या माणसापर्यंत पाणी तिनेच ओतलं. मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेले ड्रायव्हर डोळे चोळत उतरले, त्यांनाही. कँटीनमागच्या तुळशीपुढे त्या पोराने डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडलं तेव्हा बाकीच्यांनी "गोविंदा" केला, आणि त्याला काहीच माहीत नसल्यामुळे तो दचकला. कारटाची बी कपाळाला कशी लावायची तेही आईनेच त्याला दाखवलं.

हे सगळं तुमच्या ड्युटीत नव्हतं. कोणी फोटो काढत नव्हतं. एकाने मोबाइल वर केला तेव्हा तुम्ही तेलकट हातानेच त्याला खाली करायला सांगितलंत.

अण्णा १ जूनला न चुकता पेढे आणायचे. १९४८ साली त्या दिवशी पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान एसटीची पहिली गाडी धावली. त्या गाडीवरचे वाहक लक्ष्मण केवटे, त्यांचं नाव अण्णा घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घ्यायचे. आमचं खातं माणसांनी उभं केलंय, गाड्यांनी नाही, असं त्यांचं म्हणणं. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा अण्णा निवृत्त होते, पण रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन रिकामे फलाट बघून यायचे. गावोगावी पोरींची कॉलेजं अडली, म्हाताऱ्यांचे दवाखाने अडले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की ती लाल गाडी आपोआप येत नव्हती, तिला कोणीतरी पहाटे उठून आणत होतं. त्या कोणीतरीची पाठ दुखते, त्यालाही सण असतो. चांगुलपणा अजून आहे का असं जे विचारतात त्यांना मी हल्ली वाद न घालता तुमची गोष्ट सांगते. सभेत भाषण करणारे पुष्कळ भेटले. ओल्या फरशीवर बसणारे तुम्ही भेटलात. माणसाने हुद्दा असताना खाली बसावं, ही फार मोठी गोष्ट आहे. ती शिकवून येत असेल असं मला वाटत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार आहे, ते असोत वा नसोत.

निघताना तुम्ही मला एक कागद दिलात. जुन्या फॉर्मच्या पाठीमागे, निळ्या पेनने, मुक्कामाच्या गाड्या जातात त्या गावांची नावं. म्हणालात, स्टँडवरच्यांची दिवाळी झाली, पण ते गावात निजलेले असतात त्यांचा काय? अण्णांची म्हातारीची गोष्ट मी तुम्हाला तोवर सांगितलेली नव्हती.

त्या यादीतल्या ओळखीच्या घरांना मी फोन करायला सुरुवात केली आहे. मागणं एवढंच, की पुढच्या चावदिसाला स्वतःच्या घरी पाणी तापवाल तेव्हा दोन माणसांचं जास्त तापवा आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारा. बरीच घरं लगेच हो म्हणाली. एका घरातल्या आजोबांनी तर दोघांसाठी नवे पंचेही घेऊन ठेवतो म्हणून सांगितलं. घाटाकडच्या काही गावांत मात्र माझी कोणाशीच ओळख नाही. तिथे कोणाला विचारावं ते सांगायला तुम्हीच लागाल. शिमग्याच्या गर्दीआधी एकदा खिडकीशी येईन. आईही येणार म्हणते, तिला त्या ड्रायव्हरची चौकशी करायची आहे.

आपली नम्र,
एका कंडक्टरची मुलगी