बॅगेचा मेसेज आला, मुलीचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे बरीच वर्षं येतो पण पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. विषय आहे एकट्याने विमानप्रवास करणाऱ्या लहान मुलांचा. सुट्टी लागली की एअरपोर्टवर गळ्यात प्लास्टिकचं पाऊच अडकवलेली मुलं दिसायला लागतात, आत बोर्डिंग पास, फॉर्म, घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि नंबर. एअरलाइनच्या भाषेत त्यांना अनअकम्पनीड मायनर म्हणतात, स्टाफ नुसतं यूएम म्हणतो. माझी दहा वर्षांची मुलगी यंदा पहिल्यांदा अशी मावशीकडे गेली आणि त्या दिवशी जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. डायरेक्ट फ्लाइट, दिवसाची, यूएमची वेगळी फी भरलेली, फॉर्मवर सोडायला कोण आणि घ्यायला कोण ते लिहिलेलं, ओळखपत्राचे नंबर टाकलेले. काउंटरवर ज्या बाई होत्या त्या फार छान बोलल्या तिच्याशी, नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, तिची बॅग बेल्टवर टाकून तिचा हात धरून घेऊन गेल्या. मला आत गेटपर्यंत जायला पास मिळाला नाही पण विमान उडेपर्यंत थांबा म्हणाले, म्हणून मी बाहेर खुर्चीवर बसून होते. थोड्या वेळाने मोबाईलवर मेसेज आला की तुमची बॅग विमानात लोड झाली आहे. मी मनात म्हटलं चला, बॅग चढली म्हणजे आता लेकही चढेल.

आणि पाचदहा मिनिटांत तिचा फोन. आवाज असा की रडू दाबून बोलतेय. म्हणाली, आई इथे मावशीच्या गावाचं नावच नाहीये, बोर्डवर दुसरंच नाव आहे, आणि हे काका म्हणतायत चल. झालं असं होतं की मधे शिफ्ट बदलली, त्या बाई घरी गेल्या, त्यांच्या जागी दुसरा माणूस आला आणि त्याच्याकडे दोन मुलं दिली, एक माझी आणि एक थोडा मोठा मुलगा जो भलतीकडेच जाणार होता. आमच्या फ्लाइटचं गेट ऐनवेळी बदललेलं, ते त्याने पाहिलं नाही आणि दोघांना एकाच गेटवर घेऊन आला. मुलीने सांगितलं काका हे नाही, तर तो म्हणाला बरोबर आहे बेटा, मला माहितीये, चल लवकर. ती म्हणते मी दोनदा सांगितलं, मग तिथेच खांबाला टेकून उभी राहिली आणि मला फोन लावला. मी तिला एवढंच सांगितलं की पाऊचमधून बोर्डिंग पास काढ आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मी म्हणेपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. इकडे मी काउंटरकडे पळाले. शेवटी कुणीतरी वॉकी टॉकीवर बोललं, तिला दुसऱ्या टोकाच्या गेटवर अक्षरशः पळवत नेलं आणि दरवाजा बंद व्हायच्या अगदी थोडं आधी ती आपल्या विमानात बसली.

तिथल्या केबिन क्रूचे मात्र मनापासून आभार, एका एअर होस्टेसने तिला पाणी दिलं, शेजारी बसून सीट बेल्ट लावला आणि उतरल्यावर ताईच्या हातात देईपर्यंत सोबत राहिली. तिकडे ताईला ओळखपत्रावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव यात माहेर सासरचा फरक निघाला म्हणून बराच वेळ थांबवलं, मला फोन करून खात्री केली आणि मगच मुलगी दिली. ताई वैतागली होती पण मला ते बरं वाटलं. असंच वागायला पाहिजे, कितीही वेळ लागू दे.

नंतर मी विचारलं की गेट चुकलं कसं, तर उत्तर मिळालं की मॅडम काळजीचं कारण नव्हतं, पास स्कॅन केला असता तर मशीनने पकडलंच असतं. पण या मुलांना सगळ्यात आधी, लाइन सुरू व्हायच्या अगोदर आत बसवतात, त्या गडबडीत स्कॅन राहून जात नाही हे कशावरून? आणि मशीनने पकडलं असतं हे खरंच धरलं तरी एका दहा वर्षांच्या मुलीने सांगून माणसाने का नाही पकडलं?

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण घरी आल्यावर वाचायला बसले आणि अंगावर काटा आला. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत स्पिरिट एअरलाइन्सने एका सहा वर्षांच्या मुलाला फिलाडेल्फियाहून फोर्ट मायर्सला न्यायचं ते ऑर्लँडोच्या विमानात बसवलं. आजी फोर्ट मायर्सला उभी, विमानातून मुलगा उतरलाच नाही. त्याची बॅग मात्र बरोबर फोर्ट मायर्सला येऊन पोचली होती. हे वाचताना मला माझ्या मोबाईलवरचा तो मेसेज आठवला. त्याआधी 2016 मध्ये जेटब्लूने डॉमिनिकन रिपब्लिकहून न्यूयॉर्कला येणारा पाच वर्षांचा मुलगा बॉस्टनला नेऊन उतरवला आणि न्यूयॉर्कला त्याच्या आईसमोर दुसराच मुलगा आणून उभा केला, ज्याच्याजवळ तिच्या मुलाचा पासपोर्ट होता. त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा एकदा. जून 2009 मध्ये तर कॉन्टिनेंटलच्या बाबतीत लागोपाठ दोन दिवसांत दोन मुली चुकीच्या शहरात गेल्या, त्यातली दहा वर्षांची मुलगी बॉस्टनहून क्लीव्हलँडला जायची ती नेवार्कला पोचली, कारण दोन फ्लाइटचे पॅसेंजर एकाच दारातून सोडत होते. आणि 2012 मध्ये युनायटेडने जाणारी दहा वर्षांची मुलगी शिकागोला अडकली, कारण तिथे तिला एका विमानातून दुसऱ्यात नेण्याचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं आणि त्यांचा माणूस आलाच नाही, कनेक्टिंग फ्लाइट निघून गेली.

यात एक गोष्ट प्रत्येक वेळी सारखी आहे. एअरलाइन वेगळी, वर्षं वेगळी, पण मूल चुकलं ते एका हातातून दुसऱ्या हातात देताना. काउंटरकडून गेटकडे, गेटकडून विमानात, एका विमानातून दुसऱ्या विमानात. विमानात बसल्यावर किंवा घरच्यांच्या ताब्यात असताना कुणी हरवलं नाही. म्हणजे दुखणं कुठे आहे ते इतकं स्पष्ट आहे.

आणि आता जे लिहितेय ते मला सगळ्यात जास्त लागलंय. बॅगा हरवतात म्हणून विमान कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयाटा, तिने ठराव क्रमांक 753 केला, तो जून 2018 पासून लागू आहे. त्यात म्हटलंय की पॅसेंजरकडून बॅग घेतली तेव्हा, विमानात चढवली तेव्हा, ट्रान्सफरला दिली तेव्हा आणि परत पॅसेंजरच्या हातात दिली तेव्हा, अशा चार जागी बॅगेची नोंद व्हायलाच हवी. म्हणजे बॅगेचा ताबा बदलला की नोंद. तीच नोंद मला मेसेज होऊन आली. माझ्या मुलीचा ताबा त्या दिवशी निदान चार वेळा बदलला आणि त्याची नोंद काय तर एका कागदावरच्या सह्या, त्याही तिच्याच गळ्यातल्या पाऊचमध्ये, ज्या मला किंवा ताईला त्या वेळी दिसायची काही सोय नाही. टॅग तिच्या मनगटाला पण बांधलेला होता, फक्त तो कुणी स्कॅन केला नाही. बॅगेसाठी जी मशीन्स आहेत, जे मेसेज आहेत, तेच मुलांसाठी वापरायला अशी काय मोठी अडचण आहे? मुलाला गेटवर आणलं, स्कॅन, आईला मेसेज. विमानात बसवलं, स्कॅन, मेसेज. चुकीच्या गेटवर स्कॅन केलं तर तिथेच लाल दिवा. नवीन काही शोधून काढायला नको, सगळं तिथे आहेच.

अमेरिकेत तर परिवहन खातं स्वतःच सांगतं की एकट्या मुलांच्या प्रवासासाठी सरकारी नियम नाहीत, प्रत्येक एअरलाइन आपलं धोरण ठरवते. म्हणून एक कंपनी पाच ते अकरा म्हणते, दुसरी पाच ते चौदा म्हणते, कुणी कनेक्टिंगला घेतं कुणी घेत नाही. ब्रिटिश एअरवेजने 2016 मध्ये ही सेवाच बंद केली. रायनएअर सोळा वर्षांखालच्या मुलाला एकटं घेतच नाही. मला विचाराल तर नीट जमत नसेल तर नाही म्हणणं जास्त प्रामाणिक आहे, फी घेऊन मग शिफ्ट बदलली होती असं सांगण्यापेक्षा. युरोपमध्ये निदान 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमात लिहून ठेवलंय की एकट्या मुलांना नेण्यात प्राधान्य द्यायचं आणि फ्लाइट कॅन्सल किंवा लेट झाली, सीट नाकारली तर त्यांच्या खाण्यापिण्याची, राहण्याची सोय लवकरात लवकर करायची. असं लिहिलेलं असलं की काउंटरवर बोट ठेवून बोलता येतं, नाहीतर आपण ओरडणारे पालक ठरतो.

काही जण म्हणतील, माझ्या सासूबाई पण म्हणाल्या, की एवढ्याशा पोरीला एकटं पाठवायचंच कशाला. ऐकून वाईट वाटतं. कुणाचे आईवडील वेगळे राहतात, कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या घरी आजारपण असतं, माझ्याकडे तेच होतं. हौस म्हणून कुणी पाठवत नाही. आणि ही सेवा एअरलाइन स्वतः विकते, आमच्या जबाबदारीवर सोडा असं म्हणते, तर मग ती जबाबदारी दारापासून दारापर्यंत असली पाहिजे.

त्या दिवशी वाचवलं कशाने तर मुलीने बोर्ड वाचला याने. जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी जमिनीवर बसून सराव केला होता, फ्लाइट नंबर पाठ, माझा आणि मावशीचा फोन नंबर पाठ, आणि मी तिला म्हटलं होतं की युनिफॉर्ममधला माणूस चुकतोय असं वाटलं तर थांबून विचारायचं, तो उद्धटपणा नाही. हे शेवटचं मी सहज बोलून गेले होते. आपण मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो मोठ्यांचं ऐका, उलट बोलू नका, आणि मग एका दिवसात अपेक्षा करतो की अनोळखी ठिकाणी, अनोळखी माणसाला तिने नाही म्हणावं. माझी म्हणाली, पण तिच्या जागी सहा वर्षांचं मूल असतं, ज्याला अजून धड वाचता येत नाही, तर ते त्या काकांचा हात धरून गेलंच असतं. म्हणून मुलांना शिकवा हे सगळ्यांना सांगतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. स्टाफला पण शिकवा की मूल म्हणालं हे माझं विमान नाही, तर पुढचं पाऊल टाकायच्या आधी पास बघायचा. दहा सेकंद लागतात.

ज्यांना पाठवायचंय त्यांनी अजून एक करा, फॉर्म भरून सह्या झाल्या की त्याचा फोटो काढून ठेवा आणि घ्यायला जाणाऱ्यालाही पाठवा. घ्यायला येणाऱ्या दोघांची नावं द्या, एक जण ट्रॅफिकमध्ये अडकला तर दुसरा असतो. दिवसाची शेवटची फ्लाइट घेऊ नका, ती रद्द झाली तर रात्र मूल कुठे काढणार हा प्रश्न येतो.

मी एअरलाइनला लेखी तक्रार केली. उत्तर आलं, त्यात दिलगिरी आहे, फी परत केल्याचं आहे, स्टाफला समज दिल्याचं आहे. पण मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. ताईला मुलीसोबत फॉर्मची जी कॉपी मिळाली ती मी नीट बघितली. त्यावर 'गेटवर सुपूर्द केले' या रकान्यात सही आहे आणि पुढे वेळ टाकलीय. मुलीचा मला जो फोन आला त्याची वेळ माझ्या मोबाईलमध्ये आहे. सही फोनच्या बारा मिनिटं आधीची आहे, म्हणजे मुलगी दुसऱ्याच गेटवर खांबाला टेकून उभी असताना कागदावर ती बरोबर गेटवर पोचलेली होती. दोन्हीचे फोटो लावून मी परत मेल केलाय आणि यावेळी एकच प्रश्न लिहिलाय, ही सही कुणी आणि काय बघून केली. उत्तर आलं की तुम्हालाही कळवते.

आपली,
एक वाचक आई