गुण्यात आहे का?

सांगली
१४ ऑक्टोबर

प्रिय विशा,

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "बाकी सगळं नॉर्मल ना?" आणि मी "हो हो, नॉर्मल" म्हणून मोकळा झालो. तेव्हा मी मिरजेत दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात दादाची फाईल. तिथून काय रामायण सांगायचं? पण तो शब्द डोक्यात अडकला तो अडकलाच. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

दादाची रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यात कुणी तरी "मीठ कमी करा" म्हटलं. दादा पडला शिस्तीचा, त्यानं मीठ जवळजवळ बंदच केलं. पंधरा दिवसांत चालताना तोल जायला लागला, आणि एका सकाळी मला "अण्णा" म्हणून हाक मारली. अण्णांना जाऊन एकवीस वर्षं झाली रे. रक्त तपासलं तर सोडियम ११८. पाहिजे १३५ ते १४५. डॉक्टर म्हणाले, घाई करायची नाही, दिवसाला आठ-दहाच्या वर चढवायचं नाही, भसकन वाढलं तर मेंदूलाच इजा होते.

दुसऱ्या रात्री मी खुर्चीत बसून सलाईनचे थेंब मोजत होतो. बाटलीवर लिहिलेलं, सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. सिस्टर त्याला "नॉर्मल सलाईन" म्हणत होत्या. मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये द्रावणं केलेला माणूस, मला ते खुपायला लागलं. आमच्याकडे मिठाचं एक नॉर्मल द्रावण म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ तराजूवर तोलायचं, थोड्या पाण्यात विरघळवायचं, फ्लास्कमध्ये ओतून गळ्यावरच्या खुणेपर्यंत बरोबर एक लिटर करायचं. खुणेच्या वर थेंब गेला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. आणि ह्या बाटलीत लिटरला मीठ किती, तर ९ ग्रॅम! आमच्या नॉर्मलचा जेमतेम सहावा हिस्सा. बरं, रक्ताच्या हिशेबानं तरी नॉर्मल म्हणावं, तर तेही नाही. दादाच्या रिपोर्टातल्या मापानं हिच्यात सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. आपल्या रक्तात क्लोराइड शंभराच्या आसपास असतं. फक्त एवढंच खरं, की तेवढ्या खारट पाण्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटत नाहीत आणि सुकून आक्रसतही नाहीत. तेवढ्यावर तिला हे नाव मिळालं. (आता नव्या पुस्तकांतून आमचं नॉर्मल द्रावण मागे पडलंय, सगळं मोलॅरिटी नावाच्या दुसऱ्या मापात चालतं. बाटलीचं नाव मात्र आहे तिथंच आहे.)

घरी आल्यावर पुतणीची डिक्शनरी काढून तो शब्द शोधला, आणि विशा, मला एकदम आपला आठवीचा वर्ग दिसला. सर फळ्यावर आरसा काढून आपाती किरण, परावर्तित किरण शिकवत होते. मधे आरशाला काटकोनात एक तुटक रेघ मारली आणि म्हणाले, "ही स्तंभिका." तू मागच्या बाकावरून ओरडलास, "सर, गुण्या लावलाय की!" काटकोन तपासायचं सुताराचं अवजार तू फळ्यावर आणलंस म्हणून वर्ग हसला, तुला तास संपेपर्यंत उभं केलं. अकरावीत इंग्रजी पुस्तक हातात आलं तेव्हा त्याच रेघेला 'नॉर्मल' लिहिलेलं होतं, आपण घोकलं आणि सोडून दिलं. तर ऐक. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा, गवंड्याचा गुण्या! नॉर्मल म्हणजे गुण्यात असलेलं. 'नेहमीसारखं', 'चारचौघांसारखं' हा अर्थ पार एकोणिसाव्या शतकात रुजला. आणि 'एनॉर्मस' म्हणजे गुण्याबाहेर गेलेलं. पन्नास वर्षांनी का होईना, तुझं उत्तर बरोबर निघालं. सर असते तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं.

मग मला चाळाच लागला. ज्याच्या त्याच्या हातात गुण्या वेगळा. हवामान खात्याचं घे. जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत बसला की तो नॉर्मल. आता शिराळ्यात चिखलात बैल रुततात आणि जतमध्ये टँकरची वाट बघतात, दोन्ही एकाच जिल्ह्यात. बेरीज करून भागलं की पाऊस नॉर्मल. जतच्या माणसाला हे सांगून बघ, चहासुद्धा विचारायचा नाही.

आमच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे सर तर एकदा म्हणाले होते, "वारणेकडचे भूकंप नॉर्मल असतात." मी दचकलोच. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आपण विसरणार आहोत का? तुझ्या आईनं आपल्या दोघांनाही एकाच घोंगडीत गुंडाळून अंगणात आणलं होतं. सरांनी मग वहीवर दाखवलं. जमिनीतली भेग तिरकी असते. तिच्या वरच्या अंगाचा खडक खाली घसरला तर तो नॉर्मल फॉल्ट, वर चढला तर उलटा. आणि कोयनेचा तो मोठा धक्का ह्या हिशेबात नॉर्मल नव्हताच, तिथं खडक आडवे एकमेकांना घासून सरकले होते. घर पडलेल्याला त्याचं काय!

दवाखान्यात बसलोच होतो म्हणून माझंही रक्त दिलं. वीस तपासण्या, एकीपुढे चांदणी, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. घाम फुटला. डॉक्टर हसले. म्हणाले, ह्या मर्यादा ठरवताना धडधाकट माणसांची मापं घेतात आणि मधली ९५ टक्के धरतात, दोन्ही टोकांची ५ टक्के माणसं निरोगी असून बाहेर. मी रात्री हिशेब मांडला. वीस तपासण्या एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर शंभर निरोगी माणसांतल्या ३६ जणांचाच कागद बिनचांदणीचा येईल. म्हणजे माझ्यासारखेच जास्त.

दादाचं सोडियम सहाव्या दिवशी १३६ झालं. "नॉर्मल आलं, घरी न्या." आणलं. पण वहिनी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "भावजी, आकडा आला असेल, पण हे अजून आले नाहीत." खरंच होतं. गप्प बसायचा, पुढ्यात येईल ते खायचा. दादा आणि पुढ्यात येईल ते खातो! चौथ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्यात साखर घातलीय का नुसती दाखवलीय?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "आले ताळ्यावर." तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता हो असं आहे.

आणखी एक. तुझ्या वडिलांचा गुण्या माझ्याकडे आहे हे तुला आठवतं का? दुकान बंद करताना तू ठेवून गेलास. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा गावभागातल्या आपल्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि गुण्या खालच्याच खोलीत खिळ्याला. पात्याला गंज चढला, शिसवी दांडा फुगून वाळला. ह्या सगळ्या भानगडीत काल तो काढला, रॉकेलनं पुसला आणि तू शिकवलं होतंस तसं तपासला. सरळ फळीच्या कडेला दांडा दाबून धरला, रेघ मारली, पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारली. वरच्या टोकाला दोन रेघांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतर पडतंय, म्हणजे चूक अर्ध्या सुताची. कुठल्या कोपऱ्यात ठोकायचं ते मला कळत नाही. दिवाळीला येशील तेव्हा तूच बघ. वहिनींनी भडंग करून ठेवायचं कबूल केलंय, आणि त्यात मीठ बरोबर पडणार आहे.

तुझा,
बंडू